हीटर

मणियार मिस्त्री उताणा झोपतो, डोकं पेडलांपाशी,
पाय दाराबाहेर वडाळा नाक्याच्या धुळीत,
आणि म्हणतो, ताई, बॅटरी धरा.
मी धरते.
डॅशबोर्डच्या पोटाखाली गोल काळा डबा,
त्याला दोन पत्र्याची कवाडं,
देव्हाऱ्याला असतात एवढीशी.

गाडी मॉरिस. देवळाली कॅम्पातला कुणी साहेब
बोटीवर चढण्याआधी बाबांना विकून गेला.
हीटरचे पैसे त्यानं धरलेच नाहीत म्हणे,
या मुलखात कुणाला हवाय हीटर.
साहेबानं जानेवारीतलं निफाड पाहिलं नसावं.

रविवारी पहाटे पाचला निघायचो,
लासलगावात बाबांचं दात काढायचं शिबिर.
चिमट्यांचा डबा आईच्या मांडीवर,
मी मागे गोधडीत.
चांदोरी गेली की द्राक्षबागांतून शेकोट्या,
धूर जमीन सोडायला तयार नाही.
बाबा वाकून बटण पिरगाळायचे.
पंखा घरघरायचा म्हाताऱ्या बोक्यासारखा.
"आली का ऊब?"
"आली," आई म्हणायची,
आणि चपला काढून पाय कवाडांपाशी न्यायची.

आता आठ वर्षं पंखा गप्प.
आत उंदरांचं बाळंतपण:
कापूस, कांद्याची सालं,
कुठल्याशा पावत्यांचा बारीक चुरा,
आणि तो वास, जो अत्तरानंही गेला नाही.
म्हणून काढायचा.

स्क्रू गंजलेत, मिस्त्री म्हणतो, घाई नको.
बाबाही सांगायचे, दाढ ओढायची नसते, हलवायची.
जरा इकडे. जरा तिकडे.
तिला वाटलं पाहिजे, आपणच निघालो.
मिस्त्री तेल सोडतो. चहा सांगतो.
चहा येईस्तोवर कुणाशी तरी भांडतो फोनवर,
मग पुन्हा हलवतो.

खाली परात ठेवली होती, पाणी सांडेल म्हणून.
डबा निघाला. परात कोरडी.

मिस्त्री उठतो, बॉनेट उघडतो,
बराच वेळ काही बोलत नाही.
"हे बघा."
इंजिनाकडून येणाऱ्या दोन नळ्या
बाहेरच्या बाहेर एकमेकींत जोडलेल्या.
मध्ये पितळेचा तुकडा, वरून तार.
"चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं काम आहे, ताई.
गरम पाणी आत जातच नव्हतं.
नुसता पंखा फिरायचा."

तारेचा पीळ मी ओळखते.
टोक आत दुमडून दाबलेलं.
तुटलेल्या जबड्याची तार बाबा अशीच पिळायचे,
गालाला टोचू नये म्हणून.

तिथूनच म्हसरूळला फोन लावते.
आई, तो हीटर बंद होता गं.
"मग? ठाऊक होतं की.
गार वारा यायचा पायांवर."
मग आली कशाला म्हणायचीस?
"नाही म्हटलं असतं तर हे वाकून बघत बसले असते,
आणि समोरून कांद्याचे ट्रक."
थोडं थांबून: "डबा फेकू नकोस हं. पत्रा चांगला आहे."

बाबांनी स्वतःच जोडलं, आणि तरी दर रविवारी विचारलं.
हे मी तिला विचारत नाही.

मिस्त्री जुन्या ट्यूबचे दोन गोल कापतो,
पत्र्यातली भोकं बुजवतो,
अंगठ्यानं दाबून पाहतो.
हजार रुपये. उंदीर काढायचे वेगळे शंभर.

द्वारकेच्या सिग्नलला गाडी उभी.
डावा पाय क्लच सोडून
सारखा त्या रिकाम्या जागेकडे जातो.

बाबा पेशंटला बजावायचे,
दोन दिवस तिकडे जीभ लावू नका.
लावायचे सगळेच.